आई-बाबांचा फोन लावून देताना

श्रोतेहो, नमस्कार. मुलं बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत आणि घरी दोघंच, अशी घरं कोथरूडपासून सदाशिव पेठेपर्यंत पुण्यात कमी नाहीत. मुलगा सुट्टीला येतो, नवा फोन आणतो, दोन दिवस शिकवतो, परत जातो. आणि आठवडाभरात आईचा फोन लागेनासा होतो. शिकवण्यापेक्षा फोन तिच्या हाताजोगा करून देणं जास्त गरजेचं असतं.

बोटापासूनच पाहू. वयाबरोबर त्वचा कोरडी पडते, स्क्रीनला स्पर्श नीट कळत नाही. मग माणूस जोर लावून दाबून धरतो. फोनला वाटतं, आयकॉन हलवायचाय. झालं! हिरवा फोनचा आयकॉन भलत्याच पानावर जातो, नाहीतर गायबच होतो. यावर अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' शोधा आणि तो 'लाँग' करा. होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये लेआउट लॉक करायची, म्हणजे आयकॉन जागचे हलू न देण्याची सोय असते, तीही चालू करा, पण स्क्रीनवर सगळं मांडून झाल्यावर, शेवटी. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात. स्क्रीनच्या तळाची 'मागे', 'होम' वगैरे तीन बटणं सेटिंग्जमधल्या नेव्हिगेशनमधून परत आणा. कडेवरून बोट सरकवायची कसरत थरथरत्या हाताला जमत नाही.

आता माणसं. होम स्क्रीनच्या मोकळ्या जागेवर बोट दाबून धरा, 'विजेट्स' उघडा, कॉन्टॅक्ट्समधलं 'डायरेक्ट डायल' घ्या आणि नाव निवडा. फोटोवर बोट टेकवलं की थेट कॉल लागतो. मुलगी, शेजारी, डॉक्टर, औषधवाला, एवढे चार पुरे. फोटो नुसत्या चेहऱ्याचा हवा. लग्नातला ग्रुप फोटो त्या इवल्याशा चौकटीत कुणाला ओळखू येणार? परदेशातल्या मुलासाठी मात्र डायरेक्ट डायल नको, तो साधा आयएसडी कॉल लागतो आणि बॅलन्स उडतो. त्याचं व्हॉट्सॲप चॅट उघडा, वरच्या तीन ठिपक्यांतून 'मोअर' आणि मग 'ॲड शॉर्टकट' करा. चॅट उघडल्यावर वरचं कॉलचं चिन्ह दाबायचं, इतकंच त्यांना दाखवा.

रिंगटोन निवडताना आपला कान प्रमाण मानू नका. म्हातारपणी आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून किणकिणणारी नको, खालच्या पट्टीतली घ्या. कॉल घ्यायला हिरवं चिन्ह सरकवावं लागतं, तिथे बरेच अडतात. सॅमसंगमध्ये फोन ॲपच्या सेटिंग्जमधून आवाज वाढवायच्या बटणाने कॉल घेता येतो.

व्हॉट्सॲपच्या 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये जाऊन फोटो-व्हिडिओंचं आपोआप डाउनलोड बंद करा, नाहीतर सुप्रभातच्या फुलांनीच फोन भरतो.

एवढं करूनही फोन लागत नसेल तर शेजाऱ्यांना तीन गोष्टी बघायला सांगा: विमानाचं चिन्ह चालू आहे का, 'डू नॉट डिस्टर्ब' लागलंय का, आणि रिचार्ज संपलाय का. खिशात ठेवताना पहिली दोन अगदी सहज दाबली जातात. रिचार्जची तारीख तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाका.

फोनच्या मागे एक कागद चिकटवा, जाड मार्करने तीन नंबर लिहून: संकटात 112, ज्येष्ठांसाठी 14567, ऑनलाइन फसवणूक झाली तर 1930. बँकेचा किंवा पोलिसांचा म्हणून कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्यायचा, हेही त्याखाली लिहा.

निघण्यापूर्वी शेजारच्या खोलीत जाऊन त्यांना कॉल करा. उचलू द्या, ठेवू द्या, मग त्यांनाच तुम्हाला लावायला सांगा. अडले तरी फोन हातातून घेऊ नका. कुठे अडतात ते बघा आणि तेवढंच सेटिंग बदला.