सांध्यात शिरणारं पाणी

नमस्कार श्रोतेहो. आज जरा घरातल्या जमिनीबद्दल बोलूया, म्हणजे ती लॅमिनेटची लाकडी फ्लोअरिंग असते ना, हल्ली काही फ्लॅटमध्ये एखाद्या बेडरूममध्ये असते, तिच्याबद्दल. माझ्याकडे ती गेली बरीच वर्षं आहे आणि एकदा अर्धी खोली उखडून परत बसवायची वेळही आली, त्यामुळे जे सांगतेय ते स्वतःच्या घरात बघितलेलं आहे.

झालं असं की जून महिना, बाहेर धो धो पाऊस, एसी रात्रभर चालू. एसीच्या पाण्याचा पाईप कुठेतरी चोंदला होता आणि पाणी बाहेर जायच्या ऐवजी भिंतीच्या कडेने, स्कर्टिंगच्या मागून, सरळ पट्ट्यांच्या खाली उतरत होतं. वरून काहीच दिसत नव्हतं हो, जमीन अगदी कोरडी. चौथ्या दिवशी कपाटाजवळ पाय ठेवला तर खालून पचक असा आवाज आला, आणि वाकून बघते तर दोन पट्ट्यांच्या सांध्यावर नखाएवढा उंचवटा. दमट हवेत एसी रात्रभरात काही लिटर पाणी काढतो, त्याचे चार दिवस म्हणजे तुम्हीच विचार करा.

तर ही पट्टी असते काय ते आधी समजून घ्या, बाकीचं सगळं त्यातूनच येतं. सगळ्यात वर मेलामाईनचा कडक पारदर्शक थर, त्याच्याखाली लाकडाचा छापील फोटो असलेला कागद, मग सगळ्यात जाड भाग म्हणजे एचडीएफ, आणि तळाला अजून एक थर. एचडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू राळेत मिसळून उष्णता देऊन प्रचंड दाबाने दाबलेले. वरच्या थराला पाणी लागलं तर काही होत नाही, पण सांध्यातून किंवा कडेने आत गेलं की ते दाबलेले तंतू मोकळे होतात आणि फुगतात, आणि एकदा फुगले की वाळल्यावरही पूर्ववत बसत नाहीत. म्हणून लोक म्हणतात ना, वाळेल हो उन्हाने, नाही वाळत, म्हणजे पाणी जातं पण फुगवटा राहतो.

आणि मला वाटतं आपल्याकडे खरी अडचण सवयीची आहे. ही वस्तू मूळची स्वीडनची, 1984 साली पर्गो या नावाने ती तिथल्या घरांत आली. तिकडे लादी बादलीभर पाण्याने रोज पुसायची पद्धत नाही. आपल्याकडे शहाबादी, मोझॅक, कोबा, टाईल्स, सगळ्यावर फिनाईल टाकून ओला पोछा मारायचा, दिवाळीला तर सरळ पाणी ओतून खराट्याने घासायचं, आणि हेच हात मग लॅमिनेटवर फिरतात. आमच्याकडे मावशी कामाला येतात, त्यांना मी पहिल्या दिवशीच बसून सांगितलं की मावशी, या खोलीत बादली आणायचीच नाही, फडकं बाहेर इतकं पिळायचं की थेंब पडता कामा नये, आणि पुसून झाल्यावर जमीन मिनिटभरात सुकली पाहिजे. त्यांनी एकदा विचारलं की मग घाण कशी निघणार ताई, बरोबर होतं त्यांचं, म्हणून आधी झाडू नाहीतर व्हॅक्यूम आणि मग ओलसर मायक्रोफायबर. स्टीम मॉप मात्र नको, ती वाफ सांध्यात घुसते.

आता दुकानात. तिथे पट्टीचे ग्रेड एसी३, एसी४, एसी५ असे सांगतात, हा एसी थंड हवेचा नव्हे हं, आणि बरेच जण समजतात की आकडा जास्त म्हणजे पाण्याला पक्की. तसं नाही. हा आकडा घासण्याचा आहे, चपला, खुर्चीची चाकं, वाळूचे कण याला वरचा थर किती टिकेल त्याचा. पाण्याशी त्याचा संबंध नाही. तसंच 8 एमएम ऐवजी 12 एमएम घेतली तर पायाला भरीव वाटते, आवाज कमी येतो, पण जाड एचडीएफसुद्धा एचडीएफच. काही पट्ट्यांचा गाभा हिरवा असतो, तो दाखवून वॉटरप्रूफ आहे असं सांगतात, पण तो रंग असतो, रंगाने पाणी अडत नाही. काही कंपन्या 24 तास पाणी सांडलेलं चालेल असं लिहितात, ते वाचताना एवढं बघा की ते वर सांडलेल्या पाण्याबद्दल आहे, खालून आलेल्या पाण्याबद्दल नाही.

मग कळणार कसं? दोन-तीन दुकानांतून सॅम्पलचे तुकडे मागा, देतात. सुताराकडे जाडी मोजायचा व्हर्नियर असतो, त्याने कडेची जाडी मोजून ठेवा, तुकडे एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि परत मोजा. कापलेली कड उघडी असल्यामुळे ही परीक्षा जरा कडकच होते, पण तुलना छान कळते. 8 एमएमची पट्टी 1 एमएम जरी फुगली तरी अनवाणी पायाला लागते. सांध्याच्या खाचेला मेण लावलेलं आहे का तेही विचारा, त्याने खरंच फरक पडतो.

खोली कुठली हे पट्टीपेक्षाही महत्त्वाचं. कोकणात तळमजल्यावर, जिथे पावसाळ्यात लादीलाच घाम येतो, तिथे मी लॅमिनेट घालू देणार नाही. बाथरूम, बाल्कनी, किचन, नाहीच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, ज्यांच्या तळमजल्यात तेव्हा पाणी शिरलं त्यांना वेगळं सांगायला नको. लाकडाचा लुक हवाच असेल तर एसपीसी बघा, त्यात चुनखडीची पूड आणि पीव्हीसी असतं, ती पाण्याने फुगत नाही. पण पाणी तिच्याही खाली अडकतं आणि बुरशीचा वास येतो, तेव्हा गळती असेल तर आधी गळतीच बंद करायची.

बसवताना काय बघायचं? स्लॅब किंवा लादी कोरडी आहे का. दोन फूट चौकोनी प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून एक दिवस ठेवा, उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालची जमीन काळपट झाली तर काम थांबवा. पट्ट्यांचे बॉक्स त्याच खोलीत दोन दिवस आडवे ठेवायचे. पट्ट्यांच्या खाली जो फोम अंथरतात, त्याच्या खाली प्लास्टिकची शीट हवीच, आणि शीटचे तुकडे एकमेकांवर वीतभर चढलेले हवेत. भिंतीपाशी 8 ते 10 एमएमची फट सोडायची, पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने अख्खी जमीन पसरते, तिला जागा नसली की मध्येच तंबूसारखी वर उठते, आणि लोकांना वाटतं की पाणी गेलं. ही फट सिमेंटने भरू देऊ नका. बाथरूमच्या उंबऱ्याशी आणि स्लायडिंग दाराशी मात्र सिलिकॉन भरून घ्या, तिथे कंजूषी नको. आणि एक-दोन बॉक्स जास्तीचे घेऊन माळ्यावर ठेवा, पाच वर्षांनी तोच डिझाईन मिळत नाही.

घरातल्या बारीकसारीक गोष्टी बोलायच्या तर, माठ पाझरतो, तो लॅमिनेटवर कधीच नको, कडाप्प्यावर ठेवा. कुंडीखाली नुसती ताटली पुरत नाही, खाली हवा खेळेल असा स्टँड द्या. ओली छत्री दाराबाहेर. देवघर त्या खोलीत असेल तर अभिषेकाचं ताम्हन मोठ्या परातीत ठेवा.

आणि पाणी गेलंच तर? घाबरू नका पण वाट बघत बसू नका. पाणी कुठून येतंय ते बंद करा, मग त्या बाजूची स्कर्टिंग काढा. क्लिकच्या, म्हणजे एकमेकींत अडकवून बसवलेल्या पट्ट्या भिंतीकडून एकेक ओळ सुटत येतात. मी प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने नंबर टाकला होता, सपाट रचून ठेवल्या, फोम फेकून दिला आणि खालच्या लादीवर तीन दिवस पंखा लावला. फुगलेला सांधा पॉलिशपेपरने घासून सपाट करून देतो म्हणणारे भेटतात, ते करू नका, वरचा थरच निघून जातो आणि पाण्याला अजून मोठं दार मिळतं. माझ्या अकरा पट्ट्या बाद झाल्या, बाकीच्या सगळ्या परत बसल्या, नंबरामुळे सुतारदादांना एका दुपारीत काम उरकता आलं.

आता दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी मी एसीच्या पाण्याच्या पाईपात मगभर पाणी ओतते आणि बाहेर जाऊन बघते, ते खाली पडतंय की नाही. तुमच्याकडेही एकदा बघून घ्या. नमस्कार.