माउंट हॉलीचे शिंपी: जॉन वूलमन

नमस्कार श्रोतेहो. आज जॉन वूलमन यांच्याविषयी. जन्म १७२० चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सीत. तिथे तेव्हा इंग्रजांचं राज्य. घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. या पंथात पगारी पाद्री नसे. सभेत सगळे गप्प बसायचे, ज्याला आतून वाटेल त्याने उठून बोलायचं. वूलमन असे बोलणारे, पोटापाण्याला न्यू जर्सीतल्याच माउंट हॉली गावात शिंपीकाम.

दुकानात नोकरीला असताना मालकाने त्यांना एका गुलाम बाईचं विक्रीखत लिहायला लावलं. लिहिलं खरं, पण ते मनाला लागून राहिलं.

पुढची गोष्ट ऐका. एका शेजाऱ्याला जबर मुका मार लागला. त्याने वूलमनना रक्त काढायला बोलावलं, तेव्हाचा उपचारच तो. रक्त काढून झाल्यावर शेजारी म्हणाला, आता माझं मृत्युपत्रही लिहा. वूलमननी टिपणं घेतली. त्यात घरची गुलाम पोर कोणत्या मुलाला द्यायची, तेही होतं.

माणूस वेदनेने तळमळतोय, जगेल की नाही ठाऊक नाही. नाही कसं म्हणायचं? वूलमननी मृत्युपत्र लिहिलं, फक्त त्या पोरीचा मजकूर सोडला. बाकी सगळं लिहिलं, तेवढं नाही. खाटेजवळ जाऊन वाचून दाखवलं आणि शांतपणे सांगितलं, माणसाला गुलाम करणारा कागद माझ्या हातून व्हायचा नाही. लिहिल्याचे पैसेही नकोत. ना आवाज चढवला, ना शाप दिला. दोघं बराच वेळ बोलत बसले. शेवटी शेजारी पोरीला मोकळं करायला तयार झाला, मग वूलमननी मृत्युपत्र पुरं केलं.

वेळ थोडा उरलाय, म्हणून भरभर सांगतो. १७५४ मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका छापली. गुलाम ठेवणाऱ्यांच्या घरी उतरले, तर राबणाऱ्यांना पैसे देत. स्वतः शिंपी, पण पुढे रंगवलेलं कापड अंगाला लावलं नाही. रंग मळ झाकतो म्हणत. १७७२ मध्ये इंग्लंडला गेले. टपालगाड्यांसाठी घोडे मरेस्तोवर पळवतात हे कळल्यावर, मला टपालाने पत्रं पाठवू नका म्हणाले. पायीच फिरले. त्याच वर्षी यॉर्कला देवीच्या रोगाने गेले.

१७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी ठरवलं, गुलाम सोडणार नाही त्याला पंथात जागा नाही. नमस्कार.