अहवाल पुण्याहून येईपर्यंत

(दृश्य: संग्रहित चित्रण. फिरत्या प्रयोगशाळेचे वाहन. मागचे दार उघडते.)

बाहेरून हे वाहन लांब पल्ल्याच्या बससारखे दिसते. आतली रचना मात्र निराळी आहे. भिंती, छत आणि ओटे पोलादी आहेत आणि संपूर्ण कक्ष हवाबंद आहे. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा मुद्दाम कमी ठेवलेला असतो, त्यामुळे दार उघडले तरी हवा आत येते, आतली बाहेर जात नाही. बाहेर सोडायची हवा अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळण्यांतून जाते, आणि तपासणीत वापरलेले द्रवही निर्जंतुक केल्याशिवाय सोडले जात नाहीत. जैवसुरक्षेच्या तिसऱ्या स्तराची (धोकादायक जंतू हाताळण्याच्या सुरक्षेचे चार स्तर असतात, चौथा सर्वांत कडक) ही देशातील पहिली फिरती प्रयोगशाळा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि मुंबईची क्लेन्झेड्स ही कंपनी यांनी मिळून उभारली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी तिचे उद्घाटन केले, आणि तेही दिल्लीत किंवा पुण्यात नव्हे, तर नाशिकमध्ये.

(दृश्य: पुणे, पाषाण. संस्थेची इमारत बाहेरून.)

या वाहनाची गरज का भासली, हे समजण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते. जानेवारी २०२० मध्ये नव्या कोरोना विषाणूची खात्रीलायक चाचणी देशात एकाच ठिकाणी होत होती, ते म्हणजे पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेकडे अनुभव होता, प्रशिक्षित माणसे होती आणि पाषाणला चौथ्या स्तराची प्रयोगशाळाही होती. पुढच्या काही आठवड्यांत परिषदेने जो निर्णय घेतला, तो या सगळ्या काळातील सर्वांत दूरदर्शी वैज्ञानिक निर्णय म्हणावा लागेल. चाचणीची पद्धत, तिला लागणारी रसायने आणि प्रशिक्षण पुण्याने आपल्यापाशी न ठेवता आधी विषाणू निदान प्रयोगशाळांच्या जाळ्याकडे, मग वैद्यकीय महाविद्यालयांकडे आणि पुढे खासगी प्रयोगशाळांकडे सोपवले. जून २०२० संपण्यापूर्वी देशातील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची संख्या १००० वर पोहोचली होती.

(दृश्य: मालेगाव. बंद यंत्रमाग, सामसूम गल्ली.)

एका प्रयोगशाळेपासून हजारापर्यंतचा हा प्रवास नाशिक जिल्ह्याने मात्र वाट पाहत अनुभवला. आपले नमुने आधी पुण्याला जात आणि नंतर धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ लागले. एप्रिल २०२० मध्ये मालेगावात रुग्ण झपाट्याने वाढत असताना, ज्यांच्या घशातील स्राव घेतला होता त्यांना बाधित समजायचे की नाही, हे दुसऱ्या जिल्ह्यातून अहवाल आल्यावरच ठरत होते. आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात चाचणीची सोय झाल्यानंतर हा ताण हलका होऊ लागला.

(दृश्य: प्रयोगशाळा. नळीचे झाकण, हातमोजे, यंत्राचा पडदा.)

नमुन्याचा प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे. फिक्या गुलाबी द्रवाच्या नळीत स्वॅबची काडी मोडून टाकतात, झाकण घट्ट लावतात आणि तिहेरी वेष्टनात, बर्फाच्या पाकिटांसह ती पेटीत ठेवतात. पेटी जैवसुरक्षा कपाटातच उघडायची असते. पहिल्या टप्प्यात विषाणूचे कवच फोडून आतला आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय माहिती असलेला रेणू, वेगळा केला जातो. आरएनएच्या प्रती या पद्धतीत थेट वाढवता येत नाहीत. आधी एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने त्याचे डीएनएत रूपांतर होते आणि मग तापमान पुन्हा पुन्हा चढवत-उतरवत त्या डीएनएच्या प्रती दुप्पट, चौपट अशा वाढवल्या जातात. हे सगळे ९६ खळगे असलेल्या एका तबकडीत घडते, आणि ती तबकडी यंत्रात जाते. विषाणू असेल तर पडद्यावरची रेषा वळण घेऊन वर चढते, नसेल तर तळाशी सपाट राहते. रेषा कितव्या आवर्तनाला वर चढली, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. २०२१ च्या उन्हाळ्यात हा शब्द नाशिकच्या रिक्षाथांब्यावरही ऐकू येत होता.

यातले काम मुख्यतः हातांचे आहे. पिपेट, म्हणजे द्रवाचे थेंब मोजून सोडणारी नळी, धरणारा हात थकला किंवा खळग्यांचा क्रम चुकला, तर कितीही महागडे यंत्र बरोबर उत्तर देत नाही. हे हात कोणाचे होते, हा प्रश्न धोरणाच्या कागदांत फारसा आढळत नाही. साथीच्या काळात नेमलेल्यांपैकी बहुतेक तंत्रज्ञ कंत्राटी होते, आणि साथ ओसरली तशी कंत्राटेही संपली.

(दृश्य: छोटे चाचणी यंत्र, चिप बसवताना.)

क्षयरोगाच्या निदानासाठी आधीच तयार असलेले हे गोव्याच्या कंपनीचे ट्रूनॅट यंत्र. एप्रिल २०२० मध्ये परिषदेने कोरोनाच्या चाचणीसाठी त्याला मान्यता दिली. मोठी वातानुकूलित खोली नको, ९६ नमुने जमण्याची वाट पाहायला नको. एका आजाराची यंत्रणा दुसऱ्या आजाराशी लढायला वापरणे ही कल्पना साधी आहे, आणि म्हणूनच ती तालुक्यापर्यंत पोहोचू शकली.

निधीची वाट मात्र वेगळी होती. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नवउद्योगांच्या मदतीसाठी ५६ कोटी रुपयांचा ‘कवच’ हा कार्यक्रम आयआयटी मुंबईच्या उद्योग केंद्राकडे सोपवला. लसनिर्मितीसाठीच्या ‘मिशन कोविड सुरक्षा’ला नोव्हेंबर २०२० मध्ये ९०० कोटी मिळाले. पैशाचा ओघ साहजिकच पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद येथे आधीपासून उभ्या असलेल्या संस्थांकडे गेला. तिथून लस निघाली, हे निर्विवाद आहे आणि १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या लसीकरणाने असंख्य जीव वाचवले. सातपूर, अंबड आणि सिन्नरला कारखाने असलेला आपला जिल्हा मात्र या सगळ्या मांडणीत ग्राहकच राहिला.

(दृश्य: नाशिक रोड. रेल्वेच्या वाघिणीवर टँकर. निवेदन काही क्षण थांबेल.)

२१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठ्याचा दाब घसरला आणि किमान २२ रुग्ण दगावले.

तीन दिवसांनी, २४ एप्रिलला, द्रवरूप ऑक्सिजनचे चार टँकर विशाखापट्टणमहून रेल्वेने नाशिकला पोहोचले. देशातील ही पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. कळंबोलीहून निघालेले सात रिकामे टँकर वाघिणींवर चढवल्यावर इतके उंच होत होते की घाटातून नेणे शक्य नव्हते. म्हणून गाडी वसई, सूरत, भुसावळ असा वळसा घालून गेली. परतताना तीन टँकर नागपूरला उतरले आणि उरलेले आपल्याकडे आले.

(दृश्य: रुग्णालयाच्या आवारातील ऑक्सिजन प्रकल्प. दोन उभे स्तंभ.)

हवेत ऑक्सिजन आहेच, मग तो हजार किलोमीटरवरून का आणावा, या प्रश्नाचे उत्तर या दोन स्तंभांत आहे. त्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे बारीक दाणे भरलेले असतात. दाबाखाली हवा आत सोडली की दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे जातो. दाणे भरले की दाब सोडायचा, नायट्रोजन बाहेर जातो. तोवर दुसरा स्तंभ काम करतो. मिनिटाला १००० लिटर देणाऱ्या अशा प्रकल्पासाठी डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने वापरलेले तंत्र मुळात तेजस विमानाच्या वैमानिकाला ऑक्सिजन पुरवण्यासाठी विकसित झाले होते. त्या तेजसच्या बांधणीची एक साखळी ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या ओझरलाच सुरू झाली आहे, हेही इथे नोंदवायला हवे. या यंत्राचे कंप्रेसर दुरुस्त करू शकतील असे कारागीर अंबडच्या वसाहतीत सहज मिळतील. त्यांना या व्यवस्थेत स्थान देण्याचा विचार झाला तर खर्चही वाचेल.

(दृश्य: पुन्हा फिरती प्रयोगशाळा. वाहन रस्त्यावर.)

पाचव्या विज्ञान धोरणाचा मसुदा साथीच्या ऐन काळात तयार झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ६४,१८० कोटी रुपयांचे आरोग्य पायाभूत सुविधा अभियान आले. त्यात ७३० जिल्ह्यांत एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांची तरतूद आहे, आणि ही फिरती प्रयोगशाळाही त्याच अभियानाचा भाग आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केरळच्या कोझिकोडला निपाह आढळला, तेव्हा पुण्याच्या संस्थेची फिरती प्रयोगशाळा तिथे पाठवली गेली आणि नमुन्यांची तपासणी जागेवरच होऊ लागली. असे वाहन पाठवण्याचा निर्णय वरून होतो आणि एका वेळी ते एकाच ठिकाणी जाऊ शकते. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावर उद्या अनोळखी ताप आढळला, तर पहिला नमुना कोणी, कोणत्या प्रशिक्षणाने घ्यायचा आणि त्याच दिवशी तो कुठे तपासायचा, हे जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत कायम पदावर किती तंत्रज्ञ असतील त्यावर ठरणार आहे.