वरचा रस्ता की खालचा रस्ता

(दृश्य: साताऱ्याच्या माची पेठेतली अरुंद गल्ली. पहाट. दाराची कडी निघते. आधी एक तपकिरी नाक बाहेर येतं, मागून चिंगी, मग साखळी आणि सगळ्यात शेवटी आई.)

सहाला दहा कमी आहेत. अजिंक्यतारा किल्ल्याचा माथा अजून काळाच दिसतोय. आईच्या एका हातात साखळी, दुसऱ्या हातात काठी. चिंगी गावठी आहे. चार वर्षांपूर्वी मंडईतून आईच्या मागे मागे घरी आली, ती परत गेलीच नाही.

गेली चार वर्षं या दोघींची चक्कर ठरलेली आहे. गल्लीतून उतरायचं, वरच्या रस्त्याला लागायचं, मोती चौक, राजवाडा, गांधी मैदानाला वळसा आणि त्याच वाटेनं माघारी. पिंपळाच्या पारावर आई दोन मिनिटं टेकते. चिंगी तिच्या पायाशी बसते. पाऊस असो, थंडी असो, यात बदल नाही.

मागच्या दिवाळीला घरी आलो तेव्हा मी आईला सहज विचारलं, "अगं, रोज तोच रस्ता. तिला कंटाळा येत नसेल का?"

आई म्हणाली, "मला येत नाही. तिचं तिलाच विचार."

हा व्हिडिओ म्हणजे तिला विचारायचा प्रयत्न आहे.

(दृश्य: कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर. विजेचा खांब. चिंगी थांबते.)

या खांबापाशी चिंगी रोज थांबते. मी घड्याळ लावून बघितलं. कधी चार सेकंद, कधी चाळीस. खांब तोच असतो. मग एवढा फरक का पडतो?

आपण रस्ता डोळ्यांनी बघतो, म्हणून तो आपल्याला रोज सारखा दिसतो. तीच दुकानं, तीच शटरं. चिंगीचा रस्ता नाकात असतो. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख धरतात, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या पुढे. हुंगायला लागलं की कुत्रं सेकंदाला पाचेक वेळा हवा आत ओढतं. त्याच्या नाकपुडीला बाजूला चीर असते. सोडलेला श्वास त्या चिरेतून मागे जातो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. आत गेलेल्या हवेचा एक भाग फुप्फुसाकडे न जाता थेट नाकाच्या मागच्या कप्प्यात शिरतो. तो कप्पा फक्त वासासाठी असतो.

आता याच नाकानं गांधी मैदान बघा. रात्री इथे चौपाटी भरते. भेळ, पावभाजी, अंडाबुर्जी. पहाटे आपल्याला झाडलेलं मैदान दिसतं. चिंगीला रात्री कोण कुठं उभं राहून काय खाऊन गेलं, ते कळतं. खांबावर रात्रीतून कोण तंगडी वर करून गेलं, तो नर होता की मादी, या गल्लीतला की परका, हेही कळतं. दारापुढचं अंगण तेच असतं, पण सकाळी बाई रोज नवी रांगोळी घालते, तसा हा रस्ता तिच्यासाठी रोज नव्यानं घातलेला असतो.

फक्त अट एकच. तिला हुंगू दिलं पाहिजे.

इथं मला माझीच एक चूक सांगायची आहे. मी घरी असलो की चिंगीला मीच न्यायचो, आणि माझी चाल भरभर. ती खांबापाशी थांबली की मी साखळीला हिसका द्यायचो. "चल गं, उशीर होतोय." उशीर कशाला होत होता, हे आज आठवतही नाही. आईच्या बरोबर ती चाळीस मिनिटं फिरायची. माझ्याबरोबर तेवढाच रस्ता वीस मिनिटांत व्हायचा, आणि घरी आल्यावर ती दारातच घुटमळत राहायची. तिचं फिरणं झालेलंच नसायचं.

२०१९ साली अलेक्झांड्रा होरोविट्झ आणि शार्लोट ड्युरांटन या दोन संशोधकांनी २० पाळीव कुत्र्यांवर एक प्रयोग केला. निम्म्या कुत्र्यांना दोन आठवडे रोज वासावरून खाऊ शोधायचा सराव दिला. उरलेल्यांना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा सराव दिला. या सरावाच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा त्यांची एक परीक्षा घेतली. एका बाजूच्या भांड्यात नेहमी खाऊ असतो, दुसऱ्या बाजूचं नेहमी रिकामं असतं, एवढं कुत्र्याला शिकवायचं आणि मग भांडं मधोमध ठेवायचं. यात खाऊ असेल का? ज्याला आशा वाटते ते लगबगीनं जातं. हुंगायला मिळालेली कुत्री सरावानंतर त्या मधल्या भांड्याकडे पहिल्यापेक्षा लवकर जायला लागली. शिस्तीत चाललेल्यांमध्ये तसा फरक पडला नाही.

हा प्रयोग नाकाचा आहे, रस्ता बदलण्याचा नाही. पण रस्त्याचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो.

(दृश्य: चिंगी वरच्या रस्त्यावर. समोर चौक. खाली उतरणारा बोळ.)

मग रस्ता बदलून काहीच होत नाही का? होतं. कुत्र्याला नव्याची ओढ असते. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. १७ कुत्र्यांपुढे दोन ओळखीची खेळणी आणि एक नवं खेळणं ठेवलं. ५० पैकी ३८ वेळा कुत्री आधी नव्याकडे गेली.

इटलीतल्या बारी विद्यापीठातल्या संशोधकांना तर त्याहून बारीक गोष्ट दिसली. ओळख नसलेला वास कुत्रं आधी उजव्या नाकपुडीनं घेतं. तोच वास पुन्हा पुन्हा आला, त्यात भ्यायचं काही नाही असं पटलं, की डावी नाकपुडी पुढे होते. पण जनावरांच्या डॉक्टरच्या घामाचा वास दिला, तेव्हा नाक उजवीकडून डावीकडे गेलंच नाही. हे वाचल्यापासून मी चिंगीचं नाक कोणत्या बाजूनं पुढे होतंय हे निरखत बसतो. नुसत्या डोळ्यांना ते नीट दिसत नाही. तरी निरखतो.

म्हणून मी ठरवलं, रस्ता बदलायचा. आणि एकदम बदलला.

साताऱ्यात एकमेकांना समांतर दोन मोठे रस्ते आहेत. राजपथ म्हणजे वरचा रस्ता, आणि त्याच्याखाली खालचा रस्ता. चिंगी चार वर्षं वरच्या रस्त्याची. मी तिला एका संध्याकाळी खालच्या रस्त्यानं नेलं. दिवस गणपतीचे. दोन चौक ओलांडले आणि समोरून ढोलताशाचं पथक आलं. त्याच वेळी बाजूच्या बोळातून चार कुत्री गुरगुरत पुढे झाली. चिंगीनं शेपूट पोटाखाली घातली, मान मागे खेचली आणि पट्ट्यातून डोकं काढून घेतलं. माझ्या हातात नुसती साखळी राहिली.

दोन तास आम्ही तिला शोधत होतो. मंगळवार तळ्यापर्यंत जाऊन आलो. आई मात्र कुठं गेली नाही. ती सरळ पिंपळाच्या पारावर जाऊन बसली. साडेनऊला चिंगी तिथं आली.

त्या दोन तासांत मला कळलं की रोजचा रस्ता तिच्यासाठी काय होता. ओळखीच्या वासांचा एक धागा होता, आणि तो धरून ती परत आली.

(दृश्य: काही क्षण निवेदन नाही. आईचा हात चिंगीच्या मानेवर.)

आपल्याकडे रस्ता बदलण्यातली खरी अडचण हीच असते. परदेशातल्या पुस्तकात लिहितात, रोज नवा रस्ता घ्या. तिथं रस्त्यावर कुणाची हद्द नसते. इथं प्रत्येक चौकाला चार-पाच कुत्र्यांचा घोळका असतो, त्यांची हद्द ठरलेली असते, आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला त्या हद्दीत ना पळता येतं, ना भांडता येतं. वरच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनी चिंगीला चार वर्षांत स्वीकारलं होतं. खालच्या रस्त्यावर ती परकी होती. ती भ्याली, यात तिचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. वेळ चुकली, सण चुकला, पट्टा सैल होता.

(दृश्य: डोंगरउतारावर मेंढरांचा कळप. बिऱ्हाड लादलेलं घोडं. कळपाच्या कडेनं दोन कुत्री.)

दिवाळीनंतर माण, फलटणकडचे मेंढपाळ कोकणाकडे उतरायला लागतात. त्यांची कुत्री महिनोन्‌महिने रोज नव्या जमिनीवर चालतात. आज या शिवारात तळ, उद्या त्या. एका मेंढपाळ बाबांशी मी बोललो. मी विचारलं, "रोज नवी वाट, कुत्री बावरत नाहीत का?"

बाबा म्हणाले, "वाट नवी आसंल. माणसं तीच, मेंढरं तीच, घोडं तेच. बावरायचं कशापायी?"

मला जे दोन तास शोधूनही नीट उमगलं नव्हतं, ते बाबांनी एका दमात सांगितलं. त्या कुत्र्यांची वाट तेवढी बदलते. बाकी सगळं जागच्या जागी असतं. सांजेला तळ पडतो, भाकरी मिळते, रात्री राखण असते. मी चिंगीची वाट बदलली तेव्हा वेळही बदलली होती, माणूसही बदलला होता, आणि वर ढोल.

दुसऱ्या खेपेला मग मी आईची मदत घेतली. वेळ पहाटेची, साखळी आईच्या हातात, छातीवरून जाणारा पट्टा नवा. पहिला आठवडा रस्ता तोच ठेवला, फक्त उलटा केला. आधी गांधी मैदान, मग मोती चौक. एवढ्यानंसुद्धा चिंगी ओळखीच्या खांबांना मागच्या बाजूनं हुंगायला लागली. वारा आता दुसऱ्या अंगानं येत होता. दुसऱ्या आठवड्यात रस्त्याची बाजू बदलली. तिसऱ्या आठवड्यात एक बोळ घेतला आणि पन्नास पावलांवरून परत फिरलो.

महिन्याभरानं आम्ही डोंगरावरच्या 'चार भिंती' या ठिकाणाच्या चढाला लागलो. तिथं चिंगी पहिल्यांदा गवतात शिरली. नाक जमिनीला टेकवून, शेपूट सरळ, कान मागे. डांबरी रस्त्यावर तिला असं बघितलं नव्हतं. गवतातून कुणीतरी रात्री गेलं होतं. मुंगूस असेल, ससा असेल. एका अभ्यासात कुत्र्यांना माणसाच्या अवघ्या पाच पावलांच्या वासावरून तो कुठल्या दिशेनं गेला हे ओळखता आलं होतं. चिंगी तेच करत असावी. आई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. अर्धा तास आम्ही फार तर शंभर मीटर सरकलो असू. घरी आल्यावर चिंगी पाणी प्यायली आणि जी झोपली ती दहाला उठली.

डोंगरकडेला जाताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. या बाजूला बिबट्याचा वावर असतो, तेव्हा पुरतं उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि साखळी सोडायची नाही. पावसाळ्यात गवतातून आलं की कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड बघायची. गोचिडीचा ताप कुत्र्याच्या जिवावर बेततो. रेबीजची लस दर वर्षी, न चुकता. उन्हाळ्यात रस्त्यावर आपला उलटा तळहात टेकवून सातपर्यंत आकडे मोजायचे. आपल्याला सोसलं नाही तर तिच्या पायालाही सोसणार नाही.

(दृश्य: शेजारचं दार. एक म्हातारा लॅब्रेडॉर हळू पायऱ्या उतरतो.)

शेजारच्या काकांचा लॅब्रेडॉर चौदा वर्षांचा आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काका त्याला रोज त्याच गल्लीतून, त्याच भिंतीच्या कडेनं, नळापर्यंत नेतात आणि आणतात. त्याच्यासाठी मी रस्ता बदला असं कधीच म्हणणार नाही. त्याला पायऱ्या पाठ आहेत, गटाराची फट पाठ आहे, त्या आधारावर तो अजून स्वतःच्या पायांनी चालतो. काका एवढंच करतात, वाटेत कधी तुळशीची डहाळी, कधी बाजारातून आणलेल्या कोथिंबिरीची जुडी त्याच्या नाकापुढे धरतात. म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांवर परदेशात काही वर्षं चाललेला एक अभ्यास आहे. त्यात बदलती खेळणी, सोबती, जादा फिरणं आणि डोक्याला काम मिळालेली कुत्री शिकण्यात टिकून राहिली. काकांनी तो अभ्यास ऐकलेलाही नाही. डहाळी नाकाशी आली की म्हाताऱ्याची शेपटी हलते, ती त्यांना दिसते.

(दृश्य: संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा. घाटाच्या पायऱ्या. सकाळचं ऊन.)

गेल्या रविवारी आम्ही चिंगीला गाडीतून संगम माहुलीला आणलं. ती आजवर कधी नदीवर आली नव्हती. इथं छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची समाधी आहे. १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झालेले हे शाहू महाराज. शिकारीत वाघापासून खंड्यानं महाराजांना वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं इथं सांगतात. पालखीतून जाणाऱ्या खंड्याला वाटेत उतरून खांब हुंगायला मिळत असतील का, हा प्रश्न मला त्या समाधीपाशी पडला. मिळत असावेत अशी मला मनापासून आशा आहे.

चिंगी पहिल्या पायरीवर पाच मिनिटं थांबली. मग दुसऱ्या. आईनं साखळी सैल सोडली होती. ओला दगड, निर्माल्य, शेवाळ, रात्रीची राख. ती पाण्यापर्यंत गेली, एक पंजा भिजवला, मागे घेतला, मागे वळून आईकडे बघितलं आणि परत पुढे झाली.

(दृश्य: माची पेठ. दुसऱ्या दिवशीची सकाळ. कडी निघते.)

पुरतं उजाडलंय. गल्ली संपते तिथं वाट फुटते. डावीकडे उतरलं की वरचा रस्ता, उजवीकडे चार भिंतीचा चढ. आता आई इथं काही बोलत नाही, साखळी ओढत नाही. नुसती उभी राहते. चिंगी नाक वर करते. वारा घेते.

आज डावीकडे.