गोल झालेल्या नटांचा डबा

नमस्कार मंडळी. हातात चहा असेल तर असू द्या, विषय काही फार गंभीर नाहीये, पाने-हत्यारं घेताना पैसे कशावर घालायचे एवढाच. घरच्या घरी स्कूटर, बाईक, सायकल खोलणाऱ्यांसाठी आज बोलतीये, म्हणजे ज्यांच्याकडे पान्यांची एक पेटी आहे आणि त्यातला अर्धा माल नेमका ऐनवेळी दगा देतो, अशा माझ्यासारख्या लोकांसाठी.

माझ्याकडे श्रीखंडाचा एक जुना डबा आहे. त्यात मी स्वतः वाट लावलेले नट, बोल्ट, स्क्रू ठेवते. कोपरे गेलेले, डोकं गोल झालेले, फुल्या उडालेले. आधी लाज वाटायची म्हणून लपवून ठेवायचे, पण एकदा सगळं पेपरवर ओतलं आणि बघितलं तर निम्म्याहून जास्त १० नंबरचे बोल्ट, मग फुलीचे स्क्रू, आणि बाकी किरकोळ. म्हणजे पैसे कुठे घालायचे ते मला त्या डब्यानेच सांगितलं की हो! आणि मी काय करत होते, तर ऑनलाइन ती १०८ पीसची चकचकीत पेटी बघत बसले होते, जिच्यातले ऐंशी पीस मी जन्मात वापरणार नाही.

आता १० नंबरच का जातो सगळ्यात जास्त? कारण आपल्या दुचाकीवर ६ एमएम जाडीचे बोल्ट जागोजागी असतात आणि त्यांचं डोकं बहुतेक वेळा १० किंवा ८ चं असतं, ८ एमएमच्या बोल्टचं १२ चं. आणि आपण ते काढतो कशाने, तर दोन्हीकडे तोंड उघडं असलेल्या फिक्स पान्याने, कारण पेटीत हाताला तोच पहिला लागतो. हा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, त्यात तो स्वस्तातला असेल तर जोर दिल्यावर तोंड फाकतं, नट आहे तिथेच राहतो आणि कोपरे मात्र गेले. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी धरतो. म्हणून पहिली खरेदी ८, १०, १२, १४, १७ एवढेच चांगले रिंग पाने, किंवा एका टोकाला रिंग आणि एका टोकाला फिक्स असलेले कॉम्बिनेशन, सुटे घ्या, सेटच पाहिजे असं काही नाही. तापडियाचे आपल्याकडे कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतात, नाशिकला बनतात, माझे तेच आहेत आणि माझी काही तक्रार नाही. एका महिन्यात दोन, पुढच्या महिन्यात दोन, असं करत घेतले मी.

गोट्या, म्हणजे नटावर टोपीसारखे बसणारे सॉकेट, घेताना मात्र एक बघा, आत सहा कोपरे असलेली गोटी घ्या, बारावाली नको. बारावाली अडचणीच्या जागी पटकन बसते हे खरं, पण गंजलेल्या नटावर सहावालीच जास्त भरवशाची. आणि रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा कटकट वाजणारा दांडा, पाव इंची किंवा तीन अष्टमांश पुरे, अर्धा इंचीचा दांडा घेऊन छोट्या बोल्टवर जोर लावला की बोल्ट तुटूनच हातात येतो. (आलाय माझ्या. दोनदा.)

आता फुलीचे स्क्रू. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर किती स्क्रू वाचले असते! आपल्या बऱ्याच दुचाकींचं मूळ डिझाइन जपानी, आणि जपानी फुली आणि आपला नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर दिसायला सारखे, पण एकमेकांत नीट बसत नाहीत. फिलिप्सचं टोक पूर्ण आत जात नाही, जोर दिला की वर सरकतं आणि फुली खाऊन टाकतं. बऱ्याचदा जपानी स्क्रूच्या डोक्यावर फुलीशेजारी एक बारीक ठिपका असतो, बघा उन्हात धरून. त्याच्यासाठी जेआयएसचा, म्हणजे जपानी मापाचा, दोन नंबरचा एक ड्रायव्हर घ्या, नेहमीच्या फिलिप्सपेक्षा थोडा महाग पडतो, पण तो फिलिप्सच्या स्क्रूलाही चालतो, उलटं चालत नाही. आणि अगदीच धरून बसलेला स्क्रू असेल तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, ठोकलं की तो आपोआप थोडा फिरतो, आत दाबही बसतो आणि पीळही.

बाबांच्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या चेतक स्कूटरचा स्पार्क प्लग काढायचा प्लगपाना आहे, २१ चा. माझ्या स्कूटरचा प्लग १६ चा, त्यामुळे तो पाना आता खिडकीला टेकू म्हणून लावलाय. पण बाबांची पक्कड अजून वापरते, तिची धार आजच्या स्वस्त पक्कडीला नाही. म्हणून म्हणते, जुनं सगळंच टाकू नका आणि जुनं घ्यायलाही लाजू नका.

पुण्यात मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो, बुधवारी आणि रविवारी. मुंबईवाल्यांना नागदेवी स्ट्रीट आहेच, पण तिथे नवा माल. जुन्या बाजारात मी खाली बसून पाने निवडते तेव्हा हमखास कोणीतरी विचारतं, काय ताई, मिस्टरांसाठी का? मी म्हणते हो, आणि भाव पाडून घेते. पाना उचलला की आधी तोंड बघा, फाकलंय का, कडा दबल्यात का, दांड्यावर हातोडीचे घाव आहेत का. वरचा गंज असेल तर घाबरू नका, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच पुसून तेलाचा हात द्या. खड्डे पडलेले असतील तर मात्र तिथेच ठेवा. आणि नंबर नीट वाचा हं, कारण तिथे इंचातले पाने खूप असतात, अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम, १२ च्या बोल्टवर तो सैल बसतो आणि परत आपला श्रीखंडाचा डबा. शेजारी डब्ल्यू लिहिलेला असेल तर तो व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा, त्यावर नटाचं नाही तर बोल्टचं माप असतं, जुन्या बुलेटवाल्यांना विचारा, ते खूश होऊन तासभर सांगतील.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना? घ्या, पण सगळ्यात शेवटी, आणि छोट्या रेंजचा. २८ ते २१० न्यूटन मीटरवाला स्वस्तात दिसतो म्हणून घेऊ नका, तो कारच्या चाकांना ठीक, आपल्या प्लगला तेवढा जोर लागतच नाही. एका गॅरेजमध्ये माझ्या स्कूटरचा प्लग असा काही आवळून दिला होता की पुढच्या वेळी काढताना ॲल्युमिनियमचे आटेच त्याच्याबरोबर बाहेर आले, नवे आटे बसवून घ्यायला जो खर्च आला त्यात माझा टॉर्क रेंच आला असता. तेव्हापासून प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवते, बसेपर्यंत, आणि मगच पाना लावते. रेंच वापरून झाला की सेटिंग अगदी खाली आणून ठेवा, आणि त्याने नट सोडवायला जाऊ नका.

तर येत्या रविवारी जुन्या बाजारात निघाला असाल तर लवकर जा, ऊन चढायच्या आत, आणि खिशात १० आणि १२ चा एकेक नवा कोरा बोल्ट टाकून न्या. पाना हातात घेतला की तिथल्या तिथे बसवून बघायचा, डुगडुगला की परत ठेवायचा.