चालू विंडो कोणती?

नमस्कार श्रोतेहो.

कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत हे कधी ना कधी झालेलं असतं. पडद्यावर दोन विंडो उघड्या आहेत. एकीत पत्र, दुसरीत हिशेबाचा तक्ता. तुम्ही खाली कीबोर्डकडे बघत दोन ओळी टाइप करता आणि मान वर करता, तर पत्र होतं तिथंच थांबलेलं, आणि अक्षरं सगळी हिशेबाच्या रकान्यात जाऊन बसलेली. मग आपण म्हणतो, लक्ष नव्हतं माझं. मला मात्र वाटतं, पुष्कळदा चूक तुमच्या लक्षाची नसते. त्या दोन विंडो दिसायलाच इतक्या सारख्या असतात की त्यातली चालू कोणती आणि मागं थांबलेली कोणती, हे डोळ्यांना कळायला काही खूणच नसते.

डेस्कटॉपवरच्या विंडोंचं रूप बदलणं म्हटलं की लोकांना वॉलपेपर आठवतो. फुलांचा फोटो लावला, आवडीचा रंग निवडला, झालं. हौस म्हणून तेही करावं, त्यात वावगं काही नाही. पण विंडोच्या रूपातला प्रत्येक भाग काही ना काही काम करत असतो. वरची पट्टी, म्हणजे टायटल बार, सांगतो की ही विंडो कशाची आणि ती चालू आहे का. कडा सांगतात की ही इथं संपली, पुढची तिथून सुरू झाली. सावली सांगते कोण वर आणि कोण खाली. स्क्रोलबार सांगतो की मजकूर अजून किती उरलाय. यातली एखादी खूण पुसट झाली की तिचं काम तुमच्या डोळ्यांवर पडतं, आणि दिवसभर पडत राहतं.

हा प्रश्न किती जुना आहे बघा. विंडोजची पहिली आवृत्ती 1985 साली आली, तेव्हा विंडो एकमेकींवर चढतच नव्हत्या, शेजारी शेजारी मांडलेल्या असायच्या. 1987च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर येऊ लागल्या, आणि वरची कोणती, चालू कोणती, हे दाखवणं भाग पडलं. 1992च्या 3.1 आवृत्तीत तर चालू टायटल बारचा रंग वेगळा, थांबलेल्याचा वेगळा, कडांचा वेगळा, मजकुरामागचा वेगळा, असं सगळं तुमच्या मनासारखं ठरवता यायचं. तिच्यात 'हॉट डॉग स्टँड' नावाची एक तयार रंगसंगती होती, भडक लाल आणि भडक पिवळी. लोक आजही तिची थट्टा करतात. मी करत नाही. ती कुणावर लादलेली नव्हती. निवड तुमच्या हातात होती, आणि ती मला फार मोलाची गोष्ट वाटते.

ही मुभा पुढं विंडोज 7पर्यंत 'क्लासिक' रूपात टिकून होती. 2012 साली विंडोज 8 आलं आणि क्लासिक रूप गेलं. 2015च्या जुलैमध्ये विंडोज 10 आलं, तेव्हा टायटल बार सगळे पांढरे. चालू विंडोचा पांढरा, थांबलेलीचाही पांढरा, फरक काय तो नावाच्या अक्षरांच्या गडदपणात. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये टायटल बारला रंग देण्याची सोय परत आली. गेलेली गोष्ट काही महिन्यांत परत आणावी लागली, यावरून तिची गरज किती होती ते समजून घ्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. तुमच्याकडं विंडोज 11 असेल तर सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन उघडा, त्यात कलर्स. तिथं ॲक्सेंट कलर, म्हणजे उठावासाठीचा रंग, निवडता येतो, आणि तळाशी टायटल बार व विंडोच्या कडांना तो रंग लावायचा पर्याय असतो. तो सुरू करा. रंग फक्त चालू विंडोला चढतो, थांबलेल्या विंडो फिक्या राहतात, आणि आपल्याला हवं ते नेमकं हेच आहे. रंग गडद निवडा. फिकट गुलाबी किंवा फिकट निळा सुंदर दिसेल, पण पांढऱ्याशेजारी तो नजरेत भरणार नाही. काही प्रोग्राम, विशेषतः ब्राउझर, आपला टायटल बार स्वतःच रंगवतात. ते तुमचं ऐकतीलच असं नाही, त्यांची थीम त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमधून बदलावी लागते.

मग ॲक्सेसिबिलिटीमध्ये जा. अपंगांसाठीच्या सोयी समजून बरेच जण हा भाग उघडतच नाहीत. उघडा. व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये स्क्रोलबार कायम दिसत ठेवता येतो आणि पारदर्शकपणा बंद करता येतो. मी तर पारदर्शकपणा बंदच ठेवा म्हणेन, कारण अक्षरांमागून दुसरं काही डोकावत असेल तर वाचताना डोळ्यांना ताण पडतो. याच भागात अक्षरांचा आकार सव्वादोनपटीपर्यंत वाढवता येतो. ज्यांची नजर अधूच आहे, त्यांच्यासाठी कॉन्ट्रास्ट थीम, म्हणजे ठळक फरकाच्या रंगसंगती, आहेत, आणि त्यांतले रंग पुन्हा हवे तसे बदलता येतात. जुन्या आवृत्त्यांमधली ती मुभा आज थोडीफार शिल्लक आहे ती इथं.

मॅकवर टायटल बारला स्वतंत्र रंग देता येत नाही, पण ॲक्सेसिबिलिटीतल्या डिस्प्लेमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवायचा पर्याय आहे. तो सुरू केला की कडा ठसठशीत होतात. मॅकच्या डाव्या कोपऱ्यातली ती लाल, पिवळी, हिरवी बटणं ज्यांना लाल आणि हिरवा यांत फरक कळत नाही त्यांना अडचणीची ठरतात. पण माऊस जवळ नेला की त्यांत चिन्हं उमटतात, आणि ती बटणं रंगांऐवजी करड्या छटेत पाहायची तर ॲक्सेंट कलर म्हणून ग्रॅफाइट निवडता येतं.

खरी मोकळीक आहे ती लिनक्सवर. तिथं विंडोची चौकट रंगवणारा प्रोग्राम पहिल्यापासून वेगळा ठेवलेला असतो, त्याला विंडो मॅनेजर म्हणतात, आणि तो अख्खाच बदलता येतो. केडीई हा लिनक्सवरचा डेस्कटॉप वापरत असाल तर विंडो डेकोरेशनच्या पानावर टायटल बारची बटणं माऊसनं उचलून डावीकडं, उजवीकडं, हव्या त्या क्रमानं मांडता येतात. बंद करायचं बटण मोठं करायच्या बटणाला चिकटून असल्यानं चुकून दाबलं जातं का? मग ते दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवा. कडांची जाडीही वाढवता येते. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं 1954 साली मांडून ठेवलंय की लक्ष्य जितकं मोठं आणि जितकं जवळ, तितका हात तिथं लवकर पोचतो. ज्यांचा हात थरथरतो त्यांना एका पिक्सेलची कड माऊसनं पकडायला लावणं हा छळ आहे. कड जाड करा, विंडो लहानमोठी करताना होणारी चिडचिड थांबेल.

डार्क मोडबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण त्याचं सध्या फार कौतुक आहे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं अनेकांना शांत वाटतात, अंधाऱ्या खोलीत तर नक्कीच. ओएलईडी पडदा असेल तर वीजही वाचते, कारण तिथं काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. साध्या एलसीडी पडद्यावर मात्र मागचा दिवा चालूच असतो, त्यामुळं तिथं हा फायदा जवळजवळ नाही. आणि विंडोंच्या बाबतीत डार्क मोडची एक मोठी उणीव आहे: काळ्यावर सावली दिसत नाही. काळी विंडो काळ्या विंडोवर आली की दोघींची मिळून एकच काळी चादर होते. म्हणून डार्क मोड हवा असेल तर कडांना रंग द्याच. शिवाय दृष्टिवैषम्य, म्हणजे चष्म्यात सिलिंडरचा नंबर, असलेल्या पुष्कळांना काळ्यावरची पांढरी अक्षरं कडेनं पसरल्यासारखी दिसतात. तुम्हाला तसं होत असेल तर फॅशनच्या मागं लागू नका, सरळ उजळ थीम वापरा.

रंग निवडताना एक आकडा हाताशी असू द्या. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या नियमावलीत साध्या आकाराची अक्षरं आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्यातल्या उजळपणाचं गुणोत्तर किमान 4.5 ला 1 असावं असं म्हटलंय. डेस्कटॉपलाही हे माप चांगलं लागू पडतं. करड्यावर करडी अक्षरं दिसायला नाजूक असतात, पण या मापात बऱ्याचदा नापास होतात.

इंटरनेटवर तयार थीमही भरपूर मिळतात. त्यांतल्या काही विंडोजच्या मूळ फायलीच बदलायला सांगतात. त्या वाटेला जाऊ नका. पुढचं मोठं अपडेट आलं की त्या फायली जुळत नाहीत, कधीकधी डेस्कटॉपच उघडत नाही, आणि अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या फायलीत काय दडलंय हे आपल्याला दिसत नसतं.

सगळं बदलून झालं की एक चाचणी घ्या. तीन विंडो एकमेकींवर येतील अशा उघडा. खुर्ची हातभर मागं सरकवा, डोळे किलकिले करा, म्हणजे अक्षरं पुसट होतील. आता चालू विंडो चटकन ओळखू येते का? वेळ लागत असेल तर रंग आणखी गडद करा आणि पुन्हा बघा.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा कॉम्प्युटर तुम्ही लावून देत असाल, तर हे बदल त्यांना शेजारी बसवून करा. रंग त्यांना विचारून निवडा, अक्षरांचा आकार त्यांनी "आता नीट दिसतंय" म्हणेपर्यंत वाढवत न्या, आणि सवयीच्या जागेवरची बटणं त्यांनी सांगितल्याशिवाय हलवू नका.

नमस्कार.