आधी चौक, मग घर

पारसिकच्या टेकडीवरून कॅमेरा खाली उतरतो तो नवी मुंबईतल्या बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये. आजूबाजूला इमारतींची दाटी, आणि मधेच हा झाडांत बुडालेला तुकडा. आर्टिस्ट व्हिलेज.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते ८६ च्या दरम्यान ही वसाहत आखली. साधारण साडेपाचशे कुटुंबं, एकाही लिफ्टशिवाय.

आता या बोळातून आत चला. सात घरं आणि त्यांच्या मधे आठ बाय आठ मीटरचा चौक. दारातून बाहेर टाकलेलं पाऊल रस्त्यावर नाही, या चौकात पडतं. बाजेवर कुरडया वाळताहेत, राखणीला एक आजी आणि तिची काठी. पलीकडच्या ओट्यावर कुणीतरी शेंगा सोलतंय. इथं बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

असे तीन चौक जोडले की एकवीस घरं होतात, आणि त्यांना मिळून बारा बाय बारा मीटरचं मोठं अंगण मिळतं. अंगणांची ही साखळी वाढत वाढत शाळेपर्यंत, बस थांब्यापर्यंत जाते. मधून वाहणारा हा ओढा पावसाळ्याचं पाणी काढून नेतो. तो बुजवला नाही, त्याच्या काठानं मोकळी जागा सोडली.

प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. कमी पगाराचा आणि बऱ्या पगाराचा माणूस यांच्या जागेत फरक एवढाच. शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही. खर्च वाचवायला फक्त संडास जोडीजोडीनं बांधले. पैसे हातात आले की गवंडी बोलवायचा आणि खोली वाढवायची. घर वाढणार हे नकाशातच धरलेलं होतं.

आज आराखड्यात आधी एफएसआय, म्हणजे प्लॉटवर करता येईल तेवढं बांधकाम, बसवतात आणि उरलेल्या कोपऱ्यात हिरवा रंग भरतात, नाहीतर बाग उचलून पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या छतावर, ठेवतात, फाटकाच्या आत. बेलापुरात मोकळी जागा हीच आखणीची सुरुवात होती. नव्या गृहप्रकल्पांच्या नकाशात आम्हाला हाच क्रम हवा आहे.

पुढं बरीच मूळ घरं पाडून तिथं दोन-तीन मजली बंगले झाले, भाव चढले, काही चौकांत गाड्या लागू लागल्या. कौलं गेली, भिंती बदलल्या. चौक बहुतेक ठिकाणी अजून मोकळे आहेत.